कोंड्यापासून गोळीपर्यंत

बहुतेक घरांतल्या औषधांच्या डब्यात लाल, पिवळ्या किंवा केशरी रंगाची एक गोळी हमखास सापडते. पायांना मुंग्या आल्या, तोंड आले, थकवा वाटू लागला, की ती घेतली जाते. कोणी डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून घेतो, कोणी शेजारच्यांनी सुचवली म्हणून, तर कोणी केवळ सवय म्हणून. ‘ताकदीची गोळी’ हे तिचे घरगुती नाव. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ब-१, ब-२, ब-६, ब-१२ अशी नावांची एक रांग छापलेली असते. ती वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पाण्यात विरघळणारे औषध आहे, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाईल, मग अपाय कसला, असा आपला एक सोयीस्कर समज असतो.

ही नावांची रांग म्हणजे सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील प्रत्येक नावामागे माणसांचा एकेक समुदाय उभा आहे: कोठे आरमारातील खलाशी, कोठे तुरुंगातील कैदी, कोठे मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रिया. ह्या माणसांच्या अन्नात नेमके काय उणे आहे, हे शोधून काढावयास शास्त्रज्ञांची आयुष्ये खर्ची पडली. एकत्र असलेली द्रव्ये त्यांनी एकेक करून वेगळी केली, आणि आपण ती पुन्हा एका गोळीत एकत्र बांधली. तेव्हा ही गोळी शहाणपणाने वापरावयाची असेल, तर ती द्रव्ये वेगळी का करावी लागली, हे समजून घेतले पाहिजे.

कथेचा आरंभ समुद्रावर होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी आरमाराला बेरीबेरीने ग्रासले होते. ह्या रोगात प्रथम पाय जड होतात, पोटऱ्या दुखतात, तळवे बधिर होतात. पुढे चालणे अशक्य होते आणि काहींना सूज येऊन हृदय एकाएकी थांबते. लंडनमध्ये वैद्यक शिकून आलेले ताकाकी कानेहिरो हे आरमारातील डॉक्टर. त्यांच्या असे ध्यानी आले की, अधिकाऱ्यांना हा रोग क्वचितच होतो आणि साध्या खलाशांना मात्र वारंवार होतो. दोघे एकाच जहाजावर राहत, एकच हवा घेत. भेद होता तो ताटात. खलाशी मुख्यतः पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर जगत.

१८८२ च्या अखेरीस ‘र्‍युजो’ नावाचे शिकाऊ जहाज न्यूझीलंड व दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाले. त्यावरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. १८८४ साली ताकाकींनी ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने धाडले. पण त्यावरील शिध्यात मांस, आटवलेले दूध व पाव यांची भर घातली. ह्या खेपेस आजारी पडलेल्यांची संख्या विसाच्याही आत राहिली आणि मृत्यू एकही झाला नाही. पुढे तांदळात सातू मिसळण्याची पद्धत आरमाराने स्वीकारली आणि तेथून बेरीबेरी जवळजवळ हद्दपार झाला.

ताकाकींचा उपाय बरोबर होता. कारणाविषयीची त्यांची कल्पना मात्र चुकीची होती. अन्नातील प्रथिने कमी पडल्यामुळे रोग होतो, असे ते समजत. कारण नीट सांगता न आल्यामुळे त्यांच्या विरोधकांना बळ मिळाले. भूसेनेतील वैद्यक अधिकारी हा रोग जंतूंचा मानीत होते आणि सैनिकाला पांढरा भात देणे हा त्याचा मान समजला जात होता. १९०४–०५ च्या रशिया–जपान युद्धात ह्या हट्टाची किंमत चुकवावी लागली. जपानच्या भूसेनेतील दोन लाखांहून अधिक सैनिकांना बेरीबेरी झाला आणि सुमारे २७,००० जण त्याने मेले.

रोगाचे खरे कारण ज्या घटनेतून पुढे आले, ती एखाद्या विनोदी गोष्टीत शोभावी अशी आहे. डच सरकारने १८८६ मध्ये बेरीबेरीच्या तपासासाठी एक पथक जावा बेटावरील बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पाठवले. तेथे मागे राहिलेले तरुण डॉक्टर क्रिस्टियान आयकमन रोगाचा जंतू शोधीत होते. त्यांच्या प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्या १८८९ च्या सुमारास एकाएकी लंगडू लागल्या; त्यांचे पाय लुळे पडले, माना वाकल्या. जंतू टोचलेल्या कोंबड्याही लुळ्या, न टोचलेल्याही लुळ्या! आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती असे कळले की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे तेथील आचारी बदलला आणि नव्या आचाऱ्याने लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे साफ नाकारले. कोंबड्या पुन्हा असड तांदळावर आल्या आणि चालू लागल्या.

कोंबड्यांचे माणसांना लागू पडते काय, हे पाहावयास आडोल्फ फोर्डरमन ह्या आरोग्य अधिकाऱ्याने जावातील शंभरांवर तुरुंगांची पाहणी केली. जेथे कोंड्यासह असलेला तांबूस तांदूळ मिळे, तेथे दहा हजार कैद्यांत एकाला बेरीबेरी होत होता. जेथे पांढरा तांदूळ मिळे, तेथे दर एकोणचाळीस कैद्यांत एकाला! इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. तरीदेखील आयकमन यांना असे वाटत राहिले की, तांदळात काही विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा आहे. अन्नात काही *असल्यामुळे* रोग होतो, ही कल्पना जंतुशास्त्राच्या त्या भराच्या काळात सर्वांच्या अंगवळणी पडली होती. काही *नसल्यामुळे* रोग होतो, ही कल्पना पचनी पडावयास अवघड होती. आयकमन यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये ती प्रथम स्पष्टपणे मांडली. १९१२ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या काझिमीर फुंक ह्या पोलिश रसायनज्ञाने अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. मराठीने त्याला ‘जीवनसत्त्व’ हा सुंदर शब्द योजला.

कोंड्यातील ते द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात हाती आले ते १९२६ मध्ये, त्याच बटाव्हियात. त्याची रचना उलगडून ते कृत्रिम रीतीने बनविण्याचे श्रेय रॉबर्ट विल्यम्स यांना आहे. त्यांचा जन्म आपल्या आंध्र किनाऱ्यावरील नेल्लूरचा, आई-वडील मिशनरी. १९१० साली फिलिपीन्समधील मनिला येथे असताना त्यांनी कोंड्याचा अर्क मरणोन्मुख तान्ह्या मुलांना दिला आणि ती मुले काही तासांत सावरलेली पाहिली. तेव्हापासून पुढची सव्वीस वर्षे त्यांनी ह्या एका द्रव्याचा पिच्छा पुरवला. त्यांतील बराच काळ तर टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील नोकरी सांभाळून. १९३६ साली त्यांना यश आले. आपल्या गोळीवरील ब-१, म्हणजेच थायमिन, ते हे. पिठूळ अन्नाचे शरीरात ज्वलन होण्यास ते लागते, आणि ज्यांचे पोषण ह्या ज्वलनावर सर्वांत अधिक अवलंबून असते ते मज्जातंतू व हृदय त्याच्या अभावी आधी कोसळतात.

भारतात तांदूळ खाणारे कोट्यवधी लोक असताना बेरीबेरी सर्वत्र का नव्हता? निलगिरीतील कुन्नूर येथे आहारविषयक संशोधनाचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट मॅकॅरिसन यांना १९२० च्या दशकात असे आढळले की, हा रोग प्रामुख्याने आंध्रच्या किनारपट्टीत आहे. म्हणजे जेथे कच्च्या भाताचा, गिरणीत सडलेला तांदूळ खाल्ला जातो तेथे. बंगालात, केरळात किंवा आपल्या कोकण-गोव्यात उकड्या तांदळाची चाल आहे. भात तुसासकट भिजवून उकडला की, कोंड्यातील जीवनसत्त्व दाण्याच्या आत झिरपते; मग दाणा सडला तरी त्याचा मोठा भाग आतच राहतो. शिवाय कोकणी माणूस पेज फेकून देत नाही, पितो. ज्या आजीने पहिल्यांदा भात उकडला तिला थायमिनचे नाव ठाऊक नव्हते; पण तिच्या चुलीने कित्येक पिढ्यांचे पाय शाबूत ठेवले.

येथवर शास्त्रज्ञ असे धरून चालले होते की, ‘ब’ हे एकच जीवनसत्त्व आहे. परंतु १९२० च्या दशकात एक विसंगती दिसू लागली. यीस्ट खूप तापवले, तर त्याचा बेरीबेरीवरील गुण नाहीसा होई. पण उंदरांची वाढ करण्याचा आणि दुसऱ्या एका रोगावरील गुण तसाच टिके. म्हणजे एका नावाखाली अनेक द्रव्ये दडली होती. तेव्हापासून ‘ब’ला आकडे जोडले जाऊ लागले. काही आकडे पुढे गळून पडले, कारण ती द्रव्ये जीवनसत्त्वे नव्हतीच. म्हणून गोळीवरच्या रांगेत मध्येच ब-४ किंवा ब-८ आपल्याला दिसत नाहीत.

तो दुसरा रोग म्हणजे पेलाग्रा, ज्याला आपण वल्कचर्म म्हणतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून झाडाच्या सालीसारखी होते, जुलाब लागतात आणि अखेर बुद्धिभ्रंश होतो. मक्यावर जगणाऱ्या दक्षिण अमेरिकी संस्थानांतील गरिबांना तो होई. हा सांसर्गिक रोग नसून ताटाचा रोग आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास सिद्ध केले. पण उणे असलेले द्रव्य कळण्यापूर्वी, १९२९ मध्ये, ते वारले. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी ते द्रव्य निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, असल्याचे दाखवले. आपल्या दख्खनला ह्या रोगाचे अप्रूप नाही. हैदराबाद येथे कोलुथुर गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास असे निदर्शनास आणले की, जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या मजुरांना वल्कचर्म होतो. ह्यावरून ज्वारीला दोष देऊ नये. भाकरीबरोबर डाळ, दूध, ताक, पालेभाजी असणाऱ्या घरांत हा रोग नव्हता. दोष भाकरीचा नव्हता, भाकरीशेजारच्या रिकाम्या जागेचा होता.

आता ही कथा मुंबईत येते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर येथे आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विलक्षण पांडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मात्र मोठ्या होत. कित्येक माता त्याने दगावत. विल्स यांनी आधी जंतूंचा शोध घेतला, नंतर निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचे आहार तपासले आणि रोगाचे मूळ आहारात असल्याची त्यांची खात्री पटली. हाफकिन संस्थेत त्यांनी उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. एका माकडाला यीस्टच्या अर्काचा, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या स्वस्त ‘मार्माइट’चा, आश्चर्यकारक गुण आला. तोच त्यांनी रुग्ण स्त्रियांना दिला आणि मृत्यूच्या दारातील स्त्रिया काही दिवसांत उठून बसल्या. हे वृत्त १९३१ साली प्रसिद्ध झाले. यकृताच्या महागड्या अर्काऐवजी बाजारात मिळणारी एक बाटली पुरेशी ठरली, हे त्या काळच्या मुंबईच्या दृष्टीने लहानसहान यश नव्हते.

यीस्टमधील ह्या ‘विल्स घटका’ची ओळख पटावयास आणखी काही वर्षे लागली. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून काढलेल्या एका द्रव्याला, पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते प्रयोगशाळेत बनविणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली संशोधकवर्गाचे मार्गदर्शक होते भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बराव. मुंबईतील मजूर स्त्रियांच्या शिरांत सुरू झालेला शोध अशा रीतीने १९४५ साली एका भारतीयाच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले असता अर्भकाच्या मेंदूतील व कण्यातील जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीने निःसंशय ठरले. आज गरोदर स्त्रीला दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी ही त्या शोधाचीच परिणती होय.

मात्र ह्याच यशाच्या पोटी एक सापळा होता, आणि माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा तोच आहे. मोठ्या पेशींचा आणखी एक पांडुरोग युरोप-अमेरिकेत माहीत होता. तो असाध्य मानला जाई आणि म्हणून त्याला ‘घातक’ हे विशेषण लावले जाई. त्यात रक्ताबरोबर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूही झिजत असे. पायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण, असा त्याचा क्रम असे. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खाऊ घालून तो काबूत आणला. फॉलिक आम्ल हाती येताच डॉक्टरांनी ते ह्या रुग्णांनाही देऊन पाहिले. रक्त झपाट्याने सुधारले, गाल लाल झाले, सर्वांना आनंद झाला. परंतु काही महिन्यांत त्यांतील कित्येकांचे पाय लटपटू लागले. मज्जातंतूंची झीज थांबली नव्हती, काहींत तर ती बळावली होती. फॉलिक आम्लाने रक्तातील धोक्याची खूण पुसून टाकली होती, आणि रोग आत चालूच होता.

यकृतातील खरे द्रव्य वेगळेच होते. १९४८ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे त्याचे तांबडे स्फटिक मिळाले. हे ब-१२. त्याच्या गाभ्याशी कोबाल्ट धातूचा एक अणू असतो, आणि त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवीत नाही. ते फक्त सूक्ष्म जंतू बनवतात आणि प्राण्यांच्या मांसातून, अंड्यांतून, दुधातून आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणून आपल्याकडच्या शाकाहारी घरांत दूध, दही, ताक ह्यांना केवळ चवीपलीकडचे महत्त्व आहे, आणि जेथे तेही पुरेसे नाही तेथे ह्याचा अभाव मोठ्या प्रमाणावर आढळतो. ते शोषले जावयास जठरातून स्रवणारा एक साहाय्यक घटक लागतो. वृद्धापकाळी, जठराच्या काही विकारांत, तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत हे शोषण मंदावते. अशांना आहार उत्तम असूनही अभाव होऊ शकतो.

गोळीवरील आणखी एका नावाची कथा क्षयरोगाशी निगडित आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे क्षयावरील प्रभावी व स्वस्त औषध आले. पण काही रुग्णांच्या हातापायांत जळजळ व बधिरपणा येऊ लागला. हे औषध शरीरातील ब-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, निकामी करते, असे आढळून आले. १९५६ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग-चिकित्सा केंद्राने पुढील दशकात ह्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि असे दाखवून दिले की, दिवसाला अवघे ६ मिलिग्रॅम ब-६ दिले तरी हा उपद्रव टळू शकतो. गरीब रुग्णांच्या देशाला हा निष्कर्ष मोलाचा होता. थोडे पुरे होते.

पण थोडे पुरते हे ध्यानात न ठेवता, थोड्याने गुण येतो तर पुष्कळाने पुष्कळ येईल, असा हिशेब माणसे करतात. १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. प्रकृती सुधारावी म्हणून ही मंडळी दिवसाला दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेत होती. शरीराची रोजची गरज दोन मिलिग्रॅमांच्या आसपास, म्हणजे हे प्रमाण हजारपटीहून अधिक झाले. परिणाम असा की, त्यांचे हातपाय बधिर झाले आणि पावलांखालची जमीन कळेनाशी होऊन त्यांना आधाराशिवाय चालता येईना. ज्या द्रव्याच्या अभावी मज्जातंतू दुखावतात, त्याच्याच अतिरेकाने मज्जातंतू दुखावले! औषध बंद केल्यावर ते हळूहळू सुधारले, तरी काहींची संवेदना पूर्णपणे परतली नाही. त्यानंतर याहून पुष्कळ लहान मात्रा दीर्घकाळ घेतल्यानेही त्रास झाल्याच्या नोंदी येत गेल्या. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरलेली आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमांवर आणली. बाजारातील काही मिश्र गोळ्यांत ब-६ फक्त तीन मिलिग्रॅम असते, तर काही गोळ्यांत शंभरापर्यंत. रंग सारखा, नाव सारखे, आणि आतील मात्रेत तीसपटीचा फरक. तेव्हा ती बारीक अक्षरे वाचणे हा छांदिष्टपणा नव्हे.

ह्या इतिहासातून आपल्या रोजच्या व्यवहारासाठी काय घ्यावे?

पहिली गोष्ट, मुंग्या व बधिरपणा ही लक्षणे आहेत, निदान नव्हे. ती ब-१२ च्या अभावाने येतात, ब-६ च्या अतिरेकाने येतात, मधुमेहाने येतात, मद्यपानाने येतात. आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर ते कुष्ठरोगाचेही चिन्ह असू शकते. ह्यांतील प्रत्येकावर उपाय आहे, पण प्रत्येकाचा निराळा. सरसकट गोळी सुरू केली की, निदान लांबते, आणि मज्जातंतू वाट पाहत थांबत नाहीत. दुखावलेला मज्जातंतू सावकाश सुधारतो; फार उशीर झाला तर सुधारत नाही. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे आणि आवश्यक तर ब-१२ ची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. नंतर केली तर आकडा भरलेला दिसतो आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

दुसरी गोष्ट, पांडुरोगावर स्वतःच्या मनाने फॉलिक आम्ल मोठ्या मात्रेत घेत राहू नये. ब-१२ ची स्थिती कळल्याशिवाय तर नाहीच. गरोदर स्त्रीने मात्र तिला दिलेली गोळी ह्या भीतीने टाळू नये. तिची गरज खरी आहे आणि ती सिद्ध झालेली आहे.

तिसरी गोष्ट, दोन-तीन निरनिराळ्या गोळ्या एकदम चालू असतील, तर त्या प्रत्येकीत ब-६ किती आहे, ह्याची बेरीज करावी. नायसिनही मोठ्या मात्रेत यकृताला अपाय करू शकते. लघवी पिवळीजर्द होते ती ब-२ मुळे. तिच्यावरून जादा ते सारे वाहून गेले, असे अनुमान काढू नये. गोळी चालू असतानाच मुंग्या नव्याने सुरू झाल्या किंवा वाढल्या, तर मात्रा वाढविण्याऐवजी डॉक्टरांना ती गोळी दाखवावी.

चौथी गोष्ट, इतर औषधे चालू असणाऱ्यांनी हे सारे डॉक्टरांना सांगावे. आयसोनियाझिड घेणाऱ्याला ब-६ ची गरज असते, तर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने फॉलिक आम्ल केव्हा व किती घ्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे लागते, कारण ते औषध फॉलिक आम्लाचे कार्य अडवूनच आपला गुण दाखवते. केसांसाठी म्हणून पुष्कळ प्रमाणात घेतलेले बायोटिन हेही ह्याच कुळातले. ते रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल बिघडवते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. दारूच्या आहारी गेलेल्या आणि अन्न सुटलेल्या माणसाची शुद्ध हरपू लागली, डोळे फिरू लागले, तर ती गोळीची वेळ नव्हे. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, कारण थायमिनचे इंजेक्शन तेथे मेंदू वाचवू शकते.

आणि ज्यांचा अभाव खरोखर सिद्ध झाला आहे, त्यांनी गोळी वा इंजेक्शन सांगितले तितके दिवस निष्ठेने घ्यावे. ज्यांच्या जठरात साहाय्यक घटकच नाही, त्यांना ते आयुष्यभर घ्यावे लागते. त्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही. ह्या औषधांनी लाखो माणसांचे पाय परत मिळवून दिले आहेत. गोळीविषयी अविश्वास उत्पन्न करणे हा ह्या भाषणाचा हेतू नाही.

बटाव्हियाच्या त्या नव्या आचाऱ्याने मूठभर भात नाकारला, तेव्हा आपण विज्ञानाला एक दार उघडून देत आहोत, ह्याची त्याला कल्पनाही नसेल. पण आयकमन यांनी लगेच विचारले: कोंबड्यांच्या खाण्यात नेमके काय बदलले? ताकाकींनी ताटे पाहिली, विल्स यांनी गिरणीतल्या बायकांच्या घरचा स्वयंपाक विचारला, गोपालन यांनी मजुराच्या भाकरीशेजारी काय आहे ते पाहिले. काय उणे आहे, कशामुळे उणे आहे आणि किती दिले म्हणजे पुरे, हे तीन प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी विचारले. डब्यातील ती लाल-पिवळी गोळी हातात घेताना आपणही तेच तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे आधी जावे.